स्मृतीचा ताबा : अद्भुतरम्य प्रेमकथेतील नायिका, तिची राखण आणि विस्मरण

प्रस्तावना

स्मृती हरवलेली, सतत कुणाच्या तरी पहाऱ्यात असलेली आणि त्यामुळेच कुणावर चटकन विश्वास न टाकणारी नायिका हा आजच्या अद्भुतरम्य प्रेमकथेतील एक ठळक नमुना आहे. इंग्रजी कादंबऱ्या, मालिका आणि भ्रमणध्वनीवर हप्त्याहप्त्याने वाचल्या जाणाऱ्या कथा यांमधून तो महाविद्यालयीन वाचकवर्गापर्यंत पोहोचला आहे. कथेच्या आरंभी नायिकेला आपले नाव, कूळ, सामर्थ्य यांपैकी फारसे काही आठवत नसते. तिचे रक्षण करणारा पुरुष मात्र तिच्याविषयी तिच्यापेक्षा अधिक जाणत असतो. दोघांमधील प्रेम या विषम ज्ञानाच्या पायावर वाढत जाते.

हा नमुना परका व उथळ आहे असे मानून मराठी समीक्षेने त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु राखण, विस्मरण आणि ओळख पटणे हे त्याचे तीनही घटक भारतीय कथनपरंपरेत फार जुने आहेत आणि मराठी नाटक, कादंबरी व लोककथा यांनी ते आपापल्या परीने वापरले आहेत. ही नायिका आपल्याकडे होती का, हा त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न उरत नाही. तिच्या भूतकाळाचा ताबा कोणाकडे होता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात मराठीतील 'राखणे' हे क्रियापद बोलके आहे. शेत राखणे म्हणजे संरक्षण करणे. काही राखून ठेवणे म्हणजे ते आपल्या ताब्यात ठेवणे. आणि राखून बोलणे म्हणजे मनातले सारे उघड न करणे. कथेतील नायिकेची राखण कोणी करते तेव्हा यांपैकी पहिले दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. ती स्वतः राखून वागते तेव्हा तिसरा अर्थ प्रकट होतो. या तीन अर्थांमधील ताण तपासणे आणि त्या आधारे अशा कथांच्या मूल्यमापनाचा एक निकष सुचवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचनासाठी येथे दोन संज्ञा वापरल्या आहेत. हरवलेली स्मृती कथेत दोन मार्गांनी परत येते. एक मार्ग 'खुणे'चा : अंगठी, अंगावरील चिन्ह, वस्त्राचा तुकडा. दुसरा मार्ग 'उजळणी'चा : तीच हकीकत पुन्हा सांगणे, ऐकणे, गाणे. खूण हरवू शकते, चोरली जाऊ शकते आणि ती ओळखणारा दुसरा कोणी असावाच लागतो. उजळणीला सांगणारा आणि ऐकणारा लागतो, पण सांगण्याची सुरुवात ज्याची स्मृती आहे त्याला स्वतः करता येते. हा भेद पुढील विवेचनात मध्यवर्ती आहे.

१. शकुंतला : विस्मरण राजाचे, हानी तिची

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलेच्या उपाख्यानात शाप नाही, अंगठी नाही आणि विस्मरणही नाही. मुलाला घेऊन दरबारात आलेल्या शकुंतलेला दुष्यंत ओळखतो. पण ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यानंतर, प्रजेच्या मनात संशय राहू नये म्हणून आपण असे वागलो, असा खुलासा तो करतो. या उपाख्यानातील शकुंतला सडेतोड बोलणारी आहे. धर्म, सत्य, पुत्राचे महत्त्व आणि राजाचे कर्तव्य यांविषयी ती भर दरबारात राजाला सुनावते. तिची स्मृती शाबूत आहे आणि तिचा उपयोग ती पुराव्यासारखा करते.

कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप आणि अंगठी यांची भर घातली. त्यामुळे राजाचा खोटेपणा दूर झाला आणि त्या जागी विस्मरण आले. रोमिला थापर यांनी 'शकुंतला' (१९९९) या इंग्रजी ग्रंथात या दोन रूपांमधील अंतर आणि त्यामागील सामाजिक बदल सविस्तर मांडला आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते या बदलाच्या एका परिणामाकडे. विसरतो राजा, परंतु भूतकाळ हिरावला जातो तो शकुंतलेचा. जे तिला नीट आठवते ते खरे मानायला कोणी तयार नाही. ज्या आठवणीला कोणी मान्यता देत नाही, तिची अवस्था हरवलेल्या आठवणीपेक्षा फारशी वेगळी राहत नाही.

नाटकात शकुंतलेविषयीचे ज्ञान सतत इतरांकडे असते, ही बाबही नोंदवण्यासारखी आहे. पहिल्या अंकात तिच्या जन्माची हकीकत राजाला अनसूया सांगते. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप अनसूया व प्रियंवदा या दोघींना कळतो आणि तिच्या कोमल मनाला धक्का बसू नये म्हणून त्या तो तिच्यापासून लपवतात. हेतू प्रेमाचा आहे. परिणाम असा की दरबारात उभी राहिलेली शकुंतला स्वतःच्या दुर्दैवाचे कारण जाणत नसते. तिची राखण करणाऱ्या मायेनेच तिला निःशस्त्र करून पाठवले आहे.

पाचव्या अंकात अंगठी सापडत नाही, तेव्हा शकुंतला खुणेचा मार्ग सोडून उजळणीचा मार्ग धरते. लताकुंजातील एक प्रसंग ती राजाला सांगू लागते : दीर्घापांग नावाच्या हरणाच्या पाडसाने राजाच्या हातून पाणी पिण्यास दिलेला नकार, आणि त्यावर राजाने केलेली थट्टा. इतका बारीक, इतका खाजगी तपशील रचून सांगणे अवघड असते. तरीही राजा त्याला स्त्रियांची चतुराई म्हणून उडवून लावतो. पुढे कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी पाहताक्षणी मात्र त्याला सारे आठवते. धातूच्या तुकड्याला जी विश्वासार्हता मिळते ती स्त्रीच्या कथनाला मिळत नाही. नाटकाची सारी करुणता या विषमतेवर उभी आहे.

सातव्या अंकात कालिदासाने या प्रश्नाला सूक्ष्म उत्तर दिले आहे. पुनर्मीलनानंतर राजा ती अंगठी शकुंतलेला पुन्हा घालू पाहतो, तेव्हा ती घेण्यास ती नकार देते. तिचा त्या अंगठीवर विश्वास उरलेला नाही, ती राजानेच घालावी असे ती सुचवते. हा क्षण प्रयोगात सहज निसटून जातो. वास्तविक संपूर्ण नाटकात शकुंतलेने स्मृतीच्या व्यवहाराविषयी घेतलेला हा एकमेव स्वतंत्र निर्णय आहे. क्षमा ती करते. खुणेचे ओझे मात्र परत घेत नाही.

मराठी प्रेक्षकांना ही कथा प्रभावीपणे भेटली ती अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मधून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालेल्या प्रयोगापासून मराठी संगीत रंगभूमीचे नवे पर्व सुरू झाले असे मानले जाते. पुढे बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत पदार्पण केले तेही शकुंतलेच्या भूमिकेतून. म्हणजे कित्येक दशके मराठी प्रेक्षकांनी नाकारलेल्या स्त्रीची आठवण ऐकली ती पुरुष नटाच्या कंठातून. त्या गायनाचे सौंदर्य वादातीत आहे. परंतु स्त्रीच्या स्मृतीचा उच्चारही दुसऱ्याच्या स्वाधीन होता, या वस्तुस्थितीची नोंद समीक्षेने घ्यायला हवी.

२. महाश्वेता व कादंबरी : जपणाऱ्या नायिका

मराठीने 'नॉव्हेल' या वाङ्मयप्रकाराला जे नाव दिले ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातील 'कादंबरी' या गद्यकथेवरून आणि पर्यायाने तिच्या नायिकेवरून आले. त्यामुळे ही कथा मराठी कथनविचाराच्या उंबरठ्यावरच उभी आहे. बाणाने ती अपुरी ठेवली व त्याच्या पुत्राने पूर्ण केली.

या कथेत विस्मरण शापामुळे व पुनर्जन्मामुळे येते आणि तेही पुरुषांना. चंद्र चंद्रापीड होतो, चंद्रापीड शूद्रक होतो. पुंडरीक वैशंपायन होतो आणि नंतर पोपट. प्रत्येक जन्मी त्यांची पूर्वस्मृती झाकली जाते. महाश्वेता आणि कादंबरी मात्र एकाच देहात, एकाच जन्मात राहून वाट पाहतात. अच्छोद सरोवराकाठी महाश्वेता तपश्चर्या करते. कादंबरी प्राण गेलेल्या चंद्रापीडाचा न विटणारा देह जपते. राखण करणारी येथे स्त्री आहे आणि ज्याची राखण होते तो पुरुष, हा उलटा मांडलेला डाव लक्षणीय होय.

तथापि या राखणीलाही किंमत आहे. पुंडरीकाचाच पुनर्जन्म असलेला वैशंपायन महाश्वेतेकडे ओढला जातो. त्या ओढीचे कारण त्याला आठवत नाही आणि तिला ठाऊक नाही. पुंडरीकावरील निष्ठेपायी महाश्वेता त्याला शाप देते. म्हणजे ज्याच्यासाठी ती स्वतःला राखते आहे त्यालाच ती नष्ट करते. अविश्वासाने वागणारी नायिका आणि स्मृती हरवलेला प्रियकर यांची इतकी दारुण गाठ भारतीय वाङ्मयात क्वचितच आढळेल. महाश्वेतेचा सावधपणा चुकीचा नव्हता. अपुऱ्या माहितीवर तो उभा होता, एवढेच.

'कादंबरी'त स्मृती परत येते ती ऐकण्यातून. जाबाली ऋषींनी सांगितलेली हकीकत ऐकून पोपटाला पूर्वजन्म आठवतो. पोपटाच्या तोंडून ती ऐकल्यावर शूद्रकाला कादंबरी आठवते. हा उजळणीचा मार्ग आहे. परंतु सांगणारे ऋषी व पोपट आणि ऐकणारा राजा. आयुष्यभर जपणूक करणाऱ्या दोघी त्या बैठकीत नाहीत. महाश्वेता आपली हकीकत एकदा चंद्रापीडाला सांगते हे खरे. पण कथेचा अंतिम उलगडा तिच्या हाती दिलेला नाही.

३. दमयंती : स्वतः घातलेले कुंपण

याच्या तुलनेत महाभारतातील नलोपाख्यानाची विदर्भकन्या वेगळी ठरते. रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाच्या मनात दमयंती मुख्यतः हंस आणि स्वयंवर यांच्याशी जोडलेली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्या कथेतील वियोगाचा भाग अधिक मोलाचा आहे.

अरण्यात नलाने सोडून दिल्यावर दमयंती चेदिराज्यात पोहोचते आणि राजमातेच्या आश्रयाने सैरंध्री म्हणून राहते. आपले नाव ती सांगत नाही. मात्र आश्रय घेताना ती अटी घालते : उष्टे खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. तिच्याभोवतीचे कुंपण तिने स्वतः आखले आहे. जगाच्या दृष्टीने ती भूतकाळ नसलेली स्त्री आहे; स्वतःच्या दृष्टीने तिचा भूतकाळ पूर्णपणे तिच्या ताब्यात आहे. राखून वागणे आणि स्मृती हरवणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी मुळात किती भिन्न आहेत, हे येथे स्पष्ट होते.

भुवयांमधील जन्मखुणेवरून सुदेव ब्राह्मण तिला ओळखतो. तो खुणेचा मार्ग. माहेरी आल्यावर मात्र ती स्वतः उजळणीचा मार्ग योजते. अर्धे वस्त्र तोडून झोपलेल्या पत्नीला टाकून गेलेल्या जुगाऱ्याला उद्देशून ती काही वचने तयार करते आणि ती गावोगावच्या सभांत म्हणण्यासाठी ब्राह्मणांना पाठवते. जो उत्तर देईल तोच नल. अयोध्येतील कुरूप बाहुकाचे उत्तर पर्णाद घेऊन येतो. पुढची परीक्षाही तीच घेते. दमयंती ओळखली जाण्याची वाट पाहत नाही. आठवण करून देणारी यंत्रणा उभारते. शकुंतलेच्या कथनाला दरबारात जे स्थान नाकारले गेले ते दमयंती प्रत्येक सभेत मिळवते.

४. मराठी अद्भुतरम्य कादंबरीची अडचण

एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीला हा वारसा उपलब्ध होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांनी अद्भुतरम्य कादंबरीची वाट रुळवली. संकटांची मालिका, ताटातूट आणि शेवटी मीलन अशा ठरीव आराखड्यांमुळे या प्रवाहावर पुढे बरीच टीका झाली.

मात्र रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत दिलेले स्पष्टीकरण आजही विचारात घेण्याजोगे आहे. विवाहविषयक रूढी व अन्य कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोवेधक असे काही घडत नाही. नित्याच्या अनुभवावर लिहिले तर ते रंजक होणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. बालविवाहाच्या समाजात प्रेमकथेला जागाच नव्हती, हे या विधानातून अभावितपणे उघड होते. अद्भुतरम्य नायिकेला वनात, गुहेत वा परक्या राज्यात नेऊन ठेवल्याशिवाय तिला कुणाची निवड करण्याची संधी देता येत नव्हती. आठव्या-नवव्या वर्षी माहेरचे सारे मागे टाकून सासरी जाणाऱ्या, क्वचित नावही बदलून घेणाऱ्या मुलीच्या वास्तव आयुष्यात एक प्रकारचे सक्तीचे विस्मरण होतेच. अद्भुताने ते दूरच्या प्रदेशात नेले. त्याचे नाव मात्र घेतले नाही.

ते नाव घेतले हरिभाऊ आपटे यांनी. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूच्या आत्मकथनाचे रूप घेतलेल्या या कादंबरीत बालपण, सासर, पतीसोबतचे अल्प सुख आणि वैधव्य हे सारे ती स्वतः आठवून सांगते. शीर्षकातील 'लक्षात घेणे' हा शब्दप्रयोग आठवण आणि दखल या दोन्ही अर्थांना स्पर्श करतो. यमूला सारे आठवते. प्रश्न आहे तो इतरांनी लक्षात घेण्याचा. पाचव्या अंकातील शकुंतलेचाच हा प्रश्न. फरक असा की येथे निकाल देणारा राजा नाही, वाचक आहे. अर्थात यमूचा आवाजही एका पुरुष लेखकाने घडवलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढचे पाऊल स्त्रियांनी स्वतः उचलले. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' या दोन ग्रंथांच्या नावांतच स्मृती आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट ही एखाद्या अद्भुतरम्य कथेला शोभेल अशी घटना होती. सोवळ्याओवळ्याचे पहारे, नातेवाइकांची राखण, पतीविषयी ओढ आणि अविश्वास हे सारे तिथे आहे. लक्ष्मीबाईंनी ते विनोदबुद्धीने आणि स्वतःच्या चुकांसह सांगितले. त्यांच्या भूतकाळाची चावी दुसऱ्या कोणाकडे नाही. मराठीतील समर्थ 'स्मृतिनायिका' या अर्थाने कल्पित कादंबरीपेक्षा आत्मकथनात आधी सापडते.

५. उजळणीची लोकपरंपरा

लेखनापूर्वीही उजळणीचा मार्ग स्त्रियांकडे होता. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. आदित्यराणूबाईच्या कहाणीत दोन बहिणींपैकी राजाची राणी झालेली मुलगी वडिलांची कहाणी ऐकायला वेळ नाही असे सांगते आणि वैभव गमावते; प्रधानाची बायको झालेली बहीण ती ऐकते आणि तिचे घर भरते. राणीला तिचे भाग्य परत मिळते ते बहिणीकडे जाऊन, वसा समजून घेऊन. परतीच्या वाटेवर ती कहाणी ऐकायला कोणी उपाशी वा दुःखी आहे का याचा शोध घेतला जातो आणि ऐकणाऱ्यांचीही दुःखे सरतात.

येथील विसर हा आजारातून आलेला नाही. तो समृद्धीतून आलेला आहे. तरीही रचना पाहण्यासारखी आहे. राणीला वाचवणारा कोणी रक्षक पुरुष नाही, ओळख पटवणारी अंगठी नाही. एक बहीण सांगते, दुसरी ऐकते आणि मग ऐकणारी सांगणारी होते. अर्थात कहाण्यांतील उजळणी ही निखळ मुक्ती नव्हे. व्रत, आज्ञापालन आणि पतीचे कल्याण यांची चौकट त्या घट्ट धरून ठेवतात, आणि विसरण्याची शिक्षाही स्त्रीलाच देतात. स्मृतीचे साधन स्त्रियांच्या हाती असले तरी स्मृतीचा आशय काय असावा हे त्याच ठरवत होत्या असे म्हणता येत नाही.

जात्यावरच्या ओवीत ही चौकट बरीच सैल होते. पहाटे, दळता दळता, पुरुष श्रोता समोर नसताना गायलेल्या ओवीत माहेर, भाऊ, सासुरवास आणि सीतेचा वनवास यांची उजळणी होत असे. सीता ही परंपरेतील सर्वांत कडेकोट राखण असलेली नायिका. ओवीत ती गाणारणीची सखी होते. तारा भवाळकर यांनी 'सीतायन'सारख्या लेखनातून लोकपरंपरेतील या वेगळ्या सीतेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. हेमा राईरकर व गी प्वाटवँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील दलित स्त्रियांनी गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. सीतेच्या जोडीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओवीत आणणाऱ्या स्त्रिया केवळ जुने जपत नव्हत्या. काय आठवायचे याची निवड करत होत्या.

उजळणी एकट्या कंठापुरती मर्यादित नसते, हेही याच जिल्ह्यात दिसते. बालाघाटच्या डोंगरात, मांजरसुंब्याजवळ वसलेल्या कपिलधार येथे 'परमरहस्य'कार वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिकातील यात्रेला भाविक दूरदूरच्या गावांतून पायी येतात. वाट चालण्याने आणि अभंग म्हणण्याने एका कवीची स्मृती दर वर्षी नवी होते. समाधी ही खूण होय. परंतु दर वर्षीची वाटचाल थांबली तर केवळ दगडी खूण किती सांगू शकेल, हा प्रश्न उरतो. धबधब्याच्या निसर्गरम्यतेसाठी येणाऱ्या प्रवाशाला तीच जागा दिसते, तीच आठवण मात्र होत नाही.

हीच कसोटी ओव्यांच्या संकलनालाही लागू पडते. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. स्त्रियांचे कष्ट वाचले ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. पण उजळणीचा रोजचा प्रसंग संपला. आता ओवी ध्वनिमुद्रणात आहे. 'पारी' या संकेतस्थळावरून २०१७ पासून ती सर्वांना ऐकता येते. संग्रह झाला म्हणजे स्मृती वाचली असे मानणे मात्र घाईचे ठरेल. ध्वनिमुद्रण ही एका अर्थाने शकुंतलेची अंगठी आहे. ती पाहून ज्याला काही आठवेल असा कोणी असल्याखेरीज ती माशाच्या पोटातच राहते.

६. रक्षकाचे अश्रू

स्मृती हरवलेल्या आधुनिक नायिकेचे भारतीय प्रेक्षकांच्या मनावर खोल ठसलेले उदाहरण म्हणजे बालू महेंद्र यांचा 'सदमा' (१९८३). त्यांच्याच 'मूंड्रम पिरै' (१९८२) या तमिळ चित्रपटाचे हे हिंदी रूप होय. अपघातानंतर तरुण नायिकेचे मन बालपणात परतते. एक शिक्षक तिला सोडवून आणतो आणि निरपेक्ष मायेने सांभाळतो. उपचारानंतर तिची मूळ स्मृती परत येते. त्याच्या सहवासाचा काळ मात्र पुसला जातो. रेल्वे फलाटावर तिला ओळख पटावी म्हणून त्याने केलेली केविलवाणी धडपड प्रेक्षक विसरू शकत नाही.

या शेवटाची ताकद मान्य करूनही एक प्रश्न विचारावा लागतो. प्रेक्षकाचे अश्रू कोणासाठी आहेत? ते विसरल्या गेलेल्या रक्षकासाठी आहेत. आयुष्यातील काही महिने जिच्या हातून निसटले त्या स्त्रीला काय वाटले असते, हे चित्रपट विचारत नाही. दुष्यंत विसरला तेव्हा हानी शकुंतलेची झाली. येथे स्त्री विसरते तेव्हाही करुणेचा मानकरी दुसराच ठरतो. विस्मरणाची जागा बदलली, पण नायिकेच्या स्मृतीची किंमत दुसऱ्याच्या भावनेत मोजण्याची रीत बदलली नाही.

आजच्या अद्भुतरम्य प्रेमकथेचा धोका नेमका येथे आहे. रक्षक नायिकेविषयीचे सत्य तिच्या भल्यासाठी दडवतो, ही या कथांतील नेहमीची योजना अनसूया-प्रियंवदांच्या मायेची आठवण करून देते. परंतु सख्यांना त्या मौनातून काही मिळवायचे नव्हते. प्रियकर-रक्षकाला मात्र तिचे प्रेम मिळवायचे असते. जिला आपला भूतकाळ ठाऊक नाही तिने दिलेली संमती कितपत तिची, हा प्रश्न कथा टाळू लागली की राखण आणि ताबा यांतील सीमारेषा पुसली जाते. वाचकवर्गात तरुण मुली मोठ्या संख्येने असताना हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

उलटपक्षी याच साच्यात दमयंतीची शक्यताही दडलेली आहे. नायिकेचा सावधपणा हा केवळ प्रियकराने वितळवायचा बर्फ न राहता ज्ञान मिळवण्याची तिची पद्धत बनला, ती स्वतः विचारू लागली, पडताळू लागली, अटी घालू लागली, तर विस्मरण हा दुबळेपणा न ठरता शोधाचा आरंभबिंदू ठरतो. अशी कथा अद्भुताच्या आवरणाखाली आजच्या स्त्रीचा खरा प्रश्न मांडू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे स्पष्ट होतात.

१) अभिजात परंपरेतील विख्यात कथांत विस्मरण बहुधा पुरुषाला होते, त्याची झळ मात्र स्त्रीच्या भूतकाळाला बसते. आधुनिक साच्यात स्मृती हरवते ती नायिकेची, तरीही तिच्या भूतकाळावरील अधिकार पुष्कळदा रक्षकाकडेच राहतो.

२) राखण असणे आणि राखून वागणे यांत मूलभूत भेद आहे. शकुंतलेची राखण इतरांनी केली; दमयंतीने आपले मौन स्वतः निवडले. नायिकेच्या सावधपणाचे मूल्यमापन करताना हा भेद पाहणे आवश्यक ठरते.

३) खुणेवर आधारलेली स्मृती ओळखणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. कहाणी, ओवी आणि आत्मकथन या उजळणीच्या प्रकारांत स्त्रीला सांगणारीचे स्थान मिळाले, जरी कहाणीत ते व्रताच्या चौकटीने मर्यादित केले.

४) म्हणून अशा कथेच्या समीक्षेत नायिकेची स्मृती परत आली की नाही, एवढेच पाहून भागणार नाही. ती कोणत्या मार्गाने आली, तिला ती कोणी सांगितली, आणि ऐकलेले नाकारण्याची मुभा तिला होती का, हे पाहावे लागेल.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा उपयोग आहे. विद्यार्थिनी आवडीने वाचत असलेली अद्भुतरम्य कथा, शाकुंतलाचा पाचवा व सातवा अंक, आदित्यराणूबाईची कहाणी आणि गावातील एखाद्या वृद्धेकडून ऐकलेली ओवी हे सारे एकाच तासिकेत शेजारी ठेवता येते. आजीकडून ओवी उतरवून घेणारी विद्यार्थिनी ती परत म्हणून दाखवते, तेव्हा संग्रहातील खुणेला पुन्हा एक कंठ मिळतो. सातव्या अंकातील शकुंतलेने अंगठी का नाकारली, याचे उत्तर त्या वर्गात कदाचित शिक्षकाआधी तीच देईल.